सीओपीडी, कर्करोग आणि रक्ताची एक नळी

भोपाळच्या कोलार रोडवर चुनाभट्टीकडून गोल जोडच्या दिशेने निघालं की थोड्या थोड्या अंतरावर रक्ततपासणीचं एखादं कलेक्शन सेंटर लागतं. शुगर, थायरॉइड, लिपिड यांच्या पॅकेजची पाटी बाहेर असते आणि तळाच्या ओळीत हल्ली ‘कैंसर मार्कर’ही असतात. खिशात इन्हेलर ठेवून फिरायला निघालेला, साठी ओलांडलेला माणूस ती ओळ वाचून थबकला तर त्यात नवल नाही. त्याच्या मनात येतं ते असं: छाती इतकी वर्षं खराब आहे, तिचं पुढे कर्करोगात रूपांतर होणार की नाही हे बोटभर नळीतल्या रक्तातून कळेल का?

प्रश्न अगदी रास्त आहे. जगभर गेली वीस वर्षं यावर गंभीर काम चाललं आहे आणि त्यातून बरंच हातीही लागलं आहे. मात्र जे हाती लागलं ते आणि त्या पाटीवर जे विकलं जातं ते, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

आधी धोक्याचं माप पाहू. २०१६ साली भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराचे, साधारण साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे ८१ हजार, आणि मृत्यू सुमारे ७५ हजार. हे दोन आकडे इतके जवळ का, याचं उत्तर सरळ आहे: निदान होतं तेव्हा बहुतेकांचा आजार पसरलेला असतो. सीओपीडीवाल्याला हा कर्करोग होण्याचा धोका, धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढला तरी, इतरांपेक्षा दोन ते पाच पट मानला जातो. स्पेन आणि अमेरिकेतल्या अडीच हजार सीओपीडी रुग्णांवर डी टोरेस आणि सहकाऱ्यांनी लक्ष ठेवलं, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. दर हजार रुग्णांमागे वर्षाला जवळपास १७ जणांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता. त्यातही कर्करोगाचं प्रमाण ज्यांची सीओपीडी अजून सौम्य होती त्यांच्यात जास्त निघालं. म्हणजे ‘मला फार धाप लागत नाही, मला कशाला होईल’ हा दिलासा खोटा ठरतो.

कारण काय? सततची सूज. बिडी, चुलीचा धूर किंवा सिलिकाची धूळ श्वासनलिकेच्या अस्तराला रोज जाळते, शरीर ते रोज दुरुस्त करतं, आणि या दुरुस्तीच्या धांदलीत डीएनएच्या चुका साठत जातात. एम्फिसिमात हवेच्या पिशव्या फाटतात, तिथे हा खेळ सर्वांत जोरात चालतो. फुफ्फुस आकसत जाणाऱ्या फायब्रोसिसच्या आजारातही धोका असाच वर जातो. क्षयाच्या जुन्या व्रणांवरही कर्करोग उगवतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

भोपाळमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. त्यानंतर आयसीएमआरने बाधित वस्त्यांतल्या ८० हजार लोकांची नोंद करून १९९४ पर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. कोलार रोड शहराच्या दक्षिणेला आहे, गॅसबाधित म्हणून जाहीर झालेले ३६ वॉर्ड पडतात जुन्या भोपाळकडे. तरी चाळीस वर्षांत माणसं घरं बदलतात, आणि फुफ्फुसं त्यांच्याबरोबरच येतात. गांधी मेडिकल कॉलेजातल्या लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणीच्या आधारे दीक्षित आणि कान्हेरे यांनी १९९९ मध्ये फुफ्फुस, घसा आणि तोंडाचे कर्करोग गॅसशी जोडून पाहिले. तोवरच्या नोंदींत गॅसमुळे वाढलेला ठळक धोका त्यांना दिसला नाही. मात्र असे परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षं जावी लागतात, याची जाणीवही त्यांनी करून दिली. पुढच्याच वर्षी याच दोघांनी याच शहरात तंबाखूचा हिशेब मांडला आणि तिथे बिडी-सिगारेटचं माप स्पष्ट निघालं. भोपाळात छातीच्या आजाराचं बोलणं निघालं की गॅसचं नाव आधी निघतं, ते साहजिक आहे. पण कर्करोगाच्या खात्यात सिद्ध झालेला मोठा आरोपी आजही तेंदूपत्त्यात गुंडाळलेला आहे, आणि देशात सर्वांत जास्त तेंदूपत्ता आपल्याच मध्य प्रदेशात निघतो.

आता रक्ताकडे वळू. ‘मार्कर’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं खपवली जातात, ती आधी वेगळी करायला हवीत. पहिलं: ज्याचा कर्करोग सिद्ध झालाय त्याच्यावर उपचार कोणता द्यायचा आणि तो लागू पडतोय का, हे पाहणं. इथे रक्त खरोखर कामी येतं. टाटा मेमोरियलने २०१३ मध्ये ९०७ रुग्णांच्या गाठी तपासल्या तेव्हा सुमारे २३ टक्क्यांत ईजीएफआर या जनुकाचा बदल सापडला होता. असा बदल आता रक्तात तरंगणाऱ्या डीएनएतूनही शोधता येतो आणि त्यावरून गोळी ठरते. दुसरं काम: आत दडलेला, लक्षणं न देणारा कर्करोग लवकर पकडणं. तिसरं: आज कर्करोग नाही, पण पाच-दहा वर्षांत कोणाला होईल ते ओळखणं. कोलार रोडवरचा आपला माणूस विचारतोय ते तिसरं, प्रयोगशाळांचं बहुतेक संशोधन चाललंय दुसऱ्यावर, आणि पॅकेजमधल्या सीईएसारख्या चाचण्या मुळात वापरात आल्या त्या पहिल्यासाठी.

तिसऱ्या कामात सर्वांत मनोरंजक गोष्टी अगदी स्वस्त चाचण्यांतून निघाल्या आहेत. बिलिरुबिन घ्या. कावीळ पाहायला करतो तीच तपासणी. ब्रिटनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या नोंदी चाळून २०११ मध्ये असं दिसलं की बिलिरुबिन ०.१ मिलिग्रॅमने जास्त असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण पुरुषांत ८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ११ टक्क्यांनी कमी होतं. सीओपीडीचंही प्रमाण ६ टक्क्यांनी कमी. बिलिरुबिन धुरातल्या ऑक्सिडंट घटकांना निष्प्रभ करतं, असा त्यामागचा तर्क आहे. हजारो लोकांच्या सरासरीत हे खरं, पण एका माणसाच्या रिपोर्टवर ०.६ आलं की ०.७ यावरून काही ठरवता येत नाही. श्वासनलिकेच्या क्लब पेशींत बनणाऱ्या सीसी-१६ या प्रथिनाचंही तसंच. धुराने त्या पेशी झिजतात, रक्तातलं प्रथिन घटतं आणि पुढचा धोका वाढलेला दिसतो. संशोधकाला हे पुरतं, ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला पुरत नाही.

सीआरपीची गोष्ट जरा लांबून सांगण्यासारखी आहे. सीआरपी म्हणजे शरीरातल्या सुजेचा सर्वसाधारण निर्देशक. २०१७ मध्ये ‘कॅन्टोस’ नावाची औषध-चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ लोक तिच्यात होते. इंटरल्युकिन-१ बीटा हा सूज पेटवणारा रेणू अडवणारं औषध त्यांना दिलं ते हृदयासाठी, पण फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय घटलेले दिसले. एकदम आशा पालवली: सूज मोजा, सूज विझवा, कर्करोग टाळा. त्याच औषधाच्या कर्करोगग्रस्तांवरच्या तीन मोठ्या चाचण्या मात्र २०२१-२२ पर्यंत एकामागून एक अपयशी ठरल्या. तरी ती वाट पुरती बुजलेली नाही. २०२३ मध्ये लंडनच्या स्वॉन्टन यांच्या गटाने दाखवलं की हवेतले पीएम २.५ कण फुफ्फुसातल्या भक्षक पेशींना हाच इंटरल्युकिन सोडायला लावतात, आणि वयोमानाने आधीच बदल झालेल्या, एरवी झोपून राहिल्या असत्या अशा पेशी त्याने जाग्या होतात. म्हणजे प्रदूषण नवी चूक घडवण्यापेक्षा जुनी चूक फोफावायला मदत करतं. आपल्याकडे बिडी न ओढणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग का होतो, याच्या उत्तराचा एक तुकडा इथे असावा असं मला वाटतं.

पण सीओपीडीच्या रुग्णात सीआरपी मोजून कर्करोगाचा अंदाज बांधणं जवळपास व्यर्थ आहे. थंडीत कफ वाढला, जंतुसंसर्ग झाला, की सीआरपी चढणारच. याच कारणाने प्लेटलेट्सचंही नीट वाचन व्हायला हवं. ब्रिटनमध्ये २०१७ साली चाळिशीपुढच्या लोकांत असं आढळलं की साध्या सीबीसीत प्लेटलेट्स चार लाखांच्या वर असतील तर वर्षभरात कोणता ना कोणता कर्करोग निघण्याचं प्रमाण पुरुषांत ११.६ आणि स्त्रियांत ६.२ टक्के असतं, आणि त्यात फुफ्फुस व मोठं आतडं पुढे होतं. सहा महिन्यांत पुन्हा वाढलेल्याच आल्या तर पुरुषांत हे प्रमाण १८ टक्क्यांवर जातं. सीबीसी तर प्रत्येकाची होते आणि प्लेटलेट्सच्या ओळीकडे डेंग्यूचा मोसम सोडला तर कोणी ढुंकून पाहत नाही. डेंग्यूत आपण घसरलेल्या प्लेटलेट्सना घाबरतो, वाढलेल्यांना कोणी विचारत नाही. लोहाची कमतरता आणि संसर्ग यांनीही त्या वाढतात हे खरं. ती कारणं तपासून, ओसरल्यावर पुन्हा मोजून, तरीही वाढलेल्या राहिल्या तर छातीचा फोटो काढणं इतकं तरी आज कोणत्याही दवाखान्यात होऊ शकतं.

दुसऱ्या कामाकडे, म्हणजे लपलेला कर्करोग लवकर पकडण्याकडे आलं की आकडे एकदम चांगले दिसू लागतात. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने चार प्रथिनांचा संच मांडला: सीईए, सीए-१२५, सायफ्रा २१-१ आणि फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटचं एक पूर्वरूप. धूम्रपान करणाऱ्यांतला एक कर्करोग होणारा आणि एक न होणारा अशी जोडी समोर ठेवली तर हा संच शंभरपैकी ८३ वेळा बरोबर बोट दाखवतो, नुसत्या धूम्रपानाच्या हिशेबाने ७३ वेळा. २०२३ मध्ये आणखी मोठी झडती झाली. १,१६२ प्रथिनं तपासून त्यांतली ३६ बाजूला काढली, ती निदानाच्या तीन वर्षं आधीपर्यंत घेतलेल्या रक्तात वेगळी होती. बारकाईने पाहायची गोष्ट अशी की चार प्रथिनांच्या अभ्यासात रक्त घेतलं होतं ते निदानाच्या वर्षभर आधीचं. वर्षभर आधी गाठ आत असतेच. म्हणजे हा संच भविष्य सांगत नाही, झाकलेलं वर्तमान उघडं करतो. जितकं लांबचं पाहायला जावं तितका मार्कर अंधूक होत जातो, हे या सगळ्या साहित्याचं सूत्र आहे. ‘जोखमीचा मार्कर’ म्हणून छापून येणाऱ्या बातमीत रक्त निदानाच्या किती आधी घेतलं होतं, एवढं शोधलं तरी अर्धी हवा निघून जाते.

आणि हीच प्रथिनं दीर्घ छातीच्या आजारात काय करतात? बिडी ओढणाऱ्याचं सीईए मुळातच थोडं चढं असतं. सीए-१२५ क्षयाच्या पाण्याने वाढतं आणि हृदय कमजोर झालं तरी वाढतं. सीओपीडीत उजव्या बाजूचं हृदय थकणं नेहमीचंच. सायफ्रा मूत्रपिंडाच्या आजारात आणि फायब्रोसिसमध्ये वर जातं. थोडक्यात, ज्याला या चाचणीची सर्वांत जास्त गरज त्याच्याच रक्तात सर्वांत जास्त गोंगाट. निरोगी माणसात ‘वाढलेलं’ या शब्दाला जो अर्थ आहे तो सीओपीडीवाल्यात उरत नाही, आणि रिपोर्टवर उजव्या हाताला छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा दोघांना एकच असते.

खऱ्याखुऱ्या आरोग्यव्यवस्थेत उतरवून पाहिलेली मोठी रक्तचाचणी म्हणजे स्कॉटलंडची. गाठीविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं त्यांपैकी सात मोजणारी ‘अर्ली सीडीटी’. ५० ते ७५ वयाचे, जास्त धोक्यातले १२,२०८ लोक घेतले, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. चाचणी झालेल्या गटात ५९८ जण पॉझिटिव्ह आले, त्यांना सीटी स्कॅन. दोन वर्षांत या गटात फुफ्फुसाचे ५६ कर्करोग निघाले. त्यांतले १८ पॉझिटिव्ह ठरलेल्यांत होते, ३८ निगेटिव्ह सांगून घरी पाठवलेल्यांत. उलट बाजूने पाहिलं तर ५९८ पॉझिटिव्हपैकी ५८० जणांना दोन वर्षांत कर्करोग निघालाच नाही. तरीही उशिराच्या टप्प्यात सापडलेले कर्करोग चाचणीच्या गटात ५६ पैकी ३३ होते आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ७१ पैकी ५२. म्हणून ही चाचणी यशस्वी म्हणायची की फसलेली? माझ्या मते दोन्ही. लोकसंख्येच्या पातळीवर तिने टप्पा थोडा अलीकडे ओढला. एकट्या माणसाला निगेटिव्ह रिपोर्टने जो धीर दिला, तो मात्र त्या ३८ जणांच्या बाबतीत चुकीचा होता.

डीएनएच्या चाचण्यांभोवती सध्या सर्वांत जास्त गाजावाजा आहे. एकाच रक्तातून पन्नासेक कर्करोग शोधणाऱ्या ‘गॅलेरी’च्या २०२१ च्या आकड्यांत सगळे कर्करोग मिळून चौथ्या टप्प्यातले ९० टक्के सापडतात, पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७. गाठ लहान असताना ती रक्तात डीएनए टाकतच नाही फारसा, तंत्राने कितीही जोर लावला तरी नसलेलं कुठून आणणार. ‘डेल्फी’ची रीत निराळी. डीएनएचे तुकडे कोणत्या लांबीने तुटलेत ते ती पाहते. २०२४ मध्ये तिने ८४ टक्के कर्करोग पकडले, पण कर्करोग नसलेल्या निम्म्याच लोकांना निर्दोष ठरवलं. तिचा हेतूही तोच आहे: ज्यांना सीटीची गरज आहे पण जे जात नाहीत, त्यांना सीटीपर्यंत ढकलणं. मिलानमध्ये सूक्ष्म आरएनए आणि सीटी एकत्र वापरून ४,११९ जणांवर असं पाहिलं की दोन्ही निगेटिव्ह आल्यास पुढचा सीटी तीन वर्षांनी केला तरी चालतं. मला ही दिशा सर्वांत समंजस वाटते. आपल्याकडेही नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तन आणि प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचण्यांना अमेरिकेच्या एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला आहे, आणि बंगळुरूच्या स्ट्रँडने डिसेंबर २०२४ मध्ये बहुकर्करोग चाचणी बाजारात आणली. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, तपासणीची फाइल लवकर हलवण्याची सोय आहे, एवढं बातमी वाचताना ध्यानात असावं.

आता नळीच्या प्रवासाबद्दल, कारण याविषयी कोणी लिहीत नाही. साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काही तास तसंच राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो. गाठीचा डीएनए मुळात चिमूटभर, तो त्यात बुडून जातो. म्हणून प्लाझ्मा लवकर वेगळा करावा लागतो किंवा खास नळी वापरावी लागते. शीर सापडेना म्हणून हात दाबून-पिळून रक्त काढलं, तांबड्या पेशी फुटल्या, तर काही सूक्ष्म आरएनए खोटेच वाढतात. एनएसई या मार्करचंही तेच होतं. मे महिन्यात कोलार रोडच्या सेंटरवर सकाळी आठला घेतलेलं रक्त दुपारी बाइकच्या डब्यातून मुख्य लॅबला पोचणार असेल, तर मिलानचे आकडे तिथे तसेच्या तसे लागू होतील असं धरणं धाडसाचं आहे.

या सगळ्या चाचण्यांची खोल अडचण मात्र माणसांची आहे. त्या घडल्या त्या युरोप-अमेरिकेतल्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तावर. कोलार रोडवर एकाच मैलात तीन तऱ्हांची फुफ्फुसं भेटतात. एक, १९५६ साली राजधानी झाल्यावर नागपूरहून भोपाळला आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातला निवृत्त बाबू, सिगारेट सुटून दहा वर्षं झालेला. दोन, बांधकामावरचा मिस्त्री, बिडी आणि सिमेंट-दगडाची धूळ एकाच वेळी खाल्लेला. तीन, कजलीखेड्याकडच्या वस्तीतली, आयुष्यभर चूल फुंकलेली आणि बिडीला हातही न लावलेली बाई. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाचं लक्ष वेधणाऱ्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी होते. तरी सीओपीडीसाठीच्या ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शक सूचना आज म्हणतात की धूम्रपानामुळे सीओपीडी झालेल्याने वर्षाला लो-डोस सीटी करावा, आणि धूम्रपानाशिवाय सीओपीडी झालेल्यासाठी पुरावा अपुरा असल्याने शिफारस नाही. या नियमात बाबू बसतो, चूलवाली बाई बाहेर राहते, मिस्त्रीच्या बिड्यांचे ‘पॅक-इयर’ (रोजची पाकिटं गुणिले वर्षं) कसे मोजायचे यावर डॉक्टर डोकं खाजवतात.

सीटीचीही इथे वेगळी गत आहे. अमेरिकेतल्या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत सीटीने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटवले, पण दर फेरीत सरासरी जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांत काहीतरी दिसलं आणि त्यातलं ९६ टक्के कर्करोग नव्हतं. क्षयाचे व्रण घराघरात असलेल्या शहरात हा आकडा आणखी फुगणार. रक्तमार्करची खरी जागा माझ्या दृष्टीने इथे आहे: सीटीच्या आधी कोणाला रांगेत पुढे घ्यायचं यासाठी, आणि सीटीनंतर दिसलेली गाठ क्षयाची की कर्करोगाची हे ठरवायला मदत म्हणून. रक्ताशिवायचीही सोय आहे. डी टोरेस यांच्याच गटाने २०१५ मध्ये सीओपीडीसाठी दहा गुणांची पट्टी दिली: साठीपुढचं वय, २५ च्या खालचा बीएमआय, धूम्रपानाचं मोठं ओझं, आणि सर्वांत जास्त चार गुण एम्फिसिमाला. आपल्या मिस्त्री-मजुरांत २५ च्या वर बीएमआय असलेला शोधावा लागेल, म्हणून तीही इथे नव्याने बेतायला हवी.

बेतायची तर भोपाळइतकी सोयीची जागा थोडी आहे. कर्करोग नोंदणी आहे. २०१० पासून आयसीएमआरची पर्यावरण-आरोग्य संस्था, निरेह, इथेच आहे. गॅसपीडितांसाठी बीएमएचआरसी हे हॉस्पिटल, ईदगाह हिल्सवर जवाहरलाल नेहरू कॅन्सर हॉस्पिटल, कोलार रोडवर जे. के. हॉस्पिटलचं मेडिकल कॉलेज, पलीकडे एम्स. मार्करच्या अभ्यासाला लागतं ते असं: सीओपीडी, जुना क्षय आणि फायब्रोसिसच्या काही हजार रुग्णांचं रक्त आज घ्यायचं, तासाभरात प्लाझ्मा वेगळा करून उणे ८० अंशांवर ठेवायचा, बिडी-चूल-धूळ-गॅसचा इतिहास नीट लिहायचा, आणि मग नोंदणीशी नावं जुळवत आठ-दहा वर्षं थांबायचं. खर्चाचा मोठा भाग यंत्रांवर नाही, फ्रीजरची वीज अखंड ठेवण्यावर आणि पत्ता बदललेल्या माणसाला शोधण्यावर होईल.

तोवर पाटीपुढे थबकलेल्या माणसाने काय करावं? पॅकेजमधला मार्कर स्वतःहून करू नये. केलाच आणि थोडा वाढलेला आला, तर कफ-ताप असताना घेतलेलं रक्त होतं का ते आधी पाहावं आणि रिपोर्ट छातीच्या डॉक्टरांकडे न्यावा. नॉर्मल आला म्हणून सीटी टाळू नये. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, कधीच झाली नसेल तर ती करावी, कारण इन्हेलर घेणाऱ्या कितीतरी जणांनी ती नळी तोंडात धरलेलीच नसते. पन्नाशीपुढे असाल, वीस वर्षं रोज पाकीटभर ओढली असेल, तर लो-डोस सीटीबद्दल विचारावं. आणि थुंकीत रक्त पडलं, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, किंवा न घटवता वजन उतरलं, तर कोणत्याही मार्करची वाट न पाहता त्याच आठवड्यात छाती तपासून घ्यावी.